आधी प्रसंग, मग हात

(मावळातील एका स्मृती व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मुद्रित पाठ)



संगीत नाटकाबद्दल बोलायला नर्तकीला बोलावलंय, याचं काही जणांना नवल वाटलेलं दिसतंय. संगीत नाटकात नाच असतो कुठे, असं परवा एका गृहस्थांनी मला भाजीबाजारात विचारलंच. प्रश्न रास्त आहे. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून पुढची पन्नास-साठ वर्षं पाहिली, तर नायिका गाते, नायक गातो, वेळ आली तर कंचुकीसुद्धा गातो, पण नाचत कुणी नाही. नाचणं हा त्या रंगभूमीचा धर्मच नव्हता.

पण सुरुवात तशी नव्हती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. त्यांच्या नाटकांत मंगलाचरण झालं की गणपती येई आणि मग मोरावर बसलेली सरस्वती नाचत येई. म्हणजे आपल्या रंगभूमीवर विद्येची देवता आली ती पावलं टाकत. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं, गाण्याला सिंहासन मिळालं आणि नाच विंगेत गेला. विंगेतूनही बाहेर गेला, तो थेट तमाशाच्या फडात आणि कलावंतिणीच्या बैठकीत. कारण सरळ आहे. पांढरपेशा प्रेक्षकाला बायकामुलांना घेऊन नाटकाला यायचं होतं. नाच म्हटला की त्याच्या डोळ्यांसमोर फडातली नाची येई, आणि ती त्याला घरात नको होती. बघायला हवी होती, पण वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या वेळी! तेव्हा स्टेजवरच्या पुरुष शकुंतलेने शालू सावरून उभं राहावं आणि गावं, एवढंच तिच्या शरीराला काम उरलं.

तरीही आज मी इथे उभी आहे ती हे सांगायला, की मला अभिनय शिकवला तो या न नाचणाऱ्या रंगभूमीने. कथकमधले तुकडे, परणी, तत्कार मी नृत्याच्या गुरूंकडे शिकले. पण एखादी ओळ हातात धरायची कशी, कुठवर ताणायची आणि कुठे सोडून द्यायची, हे मला नाट्यपदांनी शिकवलं. आणि ती पदं माझ्यापर्यंत आणली आपल्या मास्तरांनी.

मास्तरांचं नाव घ्यायची इथे गरज नाही. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी शाळेत ‘सा’ लावताना ऐकलंय आणि उरलेल्यांनी त्यांचा ओरडा खाल्लाय. तरुणपणी ते फिरत्या नाटक कंपन्यांना पायपेटीची साथ करत. कंपन्या बसल्या, तेव्हा मावळात येऊन शाळेत संगीतशिक्षक झाले. निवृत्त झाल्यावर माझ्या कथकच्या वर्गाला लेहरा धरायला येऊ लागले.

लेहरा म्हणजे काय, हे नृत्याशी संबंध नसलेल्यांसाठी सांगते. कथकमध्ये पेटीवर किंवा सारंगीवर एकच सुरावट पुन्हा पुन्हा वाजत राहते. त्रितालाच्या सोळा मात्रांत ती पुरी होते आणि समेवर पुन्हा सुरू होते. तिच्या आधाराने नाचणारी आपले बोल मांडते. वाजवणाऱ्याने हलायचं नाही, नटायचं नाही, नुसता काळ मोजून द्यायचा. ज्या माणसाने आयुष्यभर पल्लेदार तानांच्या मागे धावत साथ केली, त्याला हे काम म्हणजे शिक्षाच. पण मास्तर ते मन लावून करत. फक्त मुलींनी तुकडे घोकायला घेतले की तासाभराने लेहरा बदलत. पावसाळी दुपारी मल्हाराच्या अंगाचा, संध्याकाळी यमनातला. मुलींना कळायचं नाही काय बदललं, पण पाय हलके पडायचे.

लोणावळ्यात कथकचा वर्ग चालवणं म्हणजे निम्मा वेळ हवेशी भांडण. वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो इथे. जुलैत तबल्याचं कातडं असं सैल पडतं की काळी चारला लावलेला तबला दहा मिनिटांत उतरतो. आमच्याकडे साठ वॅटचा दिवा लावलेलं एक लाकडी खोकं होतं. तबल्याची जोडी त्यात शेकायला ठेवायची आणि बोलावणं आलं की बाहेर काढायची. घुंगरांच्या सुती दोऱ्यांना बुरशी यायची. पेटीचे सूर गंजायचे, एखादी पट्टी दाबली की वर यायचीच नाही. मास्तर खिशात पिसाची काडी आणि छोटा पेचकस बाळगत. पुण्याहून लोकलने येणारे तबलजी चिडचिड करत, मास्तर कधीच करत नसत. सातारा-सांगलीकडच्या कनातीत उन्हाने तडकलेल्या पेट्या त्यांनी दुरुस्त केल्या होत्या, त्यांना आमचा पाऊस काय सांगणार!

आता मुद्द्यावर येते. नर्तकीने गायकाकडून शिकावं, ही काही माझ्या पदरची कल्पना नाही. महाराष्ट्रात कथक रुजवलं ते रोहिणी भाटे यांनी. १९४७ साली त्यांनी पुण्यात नृत्यभारती स्थापन केली. सोहनलाल, लच्छू महाराज, मोहनराव कल्याणपूरकर हे त्यांचे नृत्यातले गुरू सगळ्यांना ठाऊक असतात. पण रोहिणीताई गाणं शिकल्या त्या केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे. ही दोन नावं ओझरती ऐकून पुढे जाऊ नका. दोघंही रंगभूमीची माणसं.

केशवराव म्हणजे ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’चे संगीतकार, ‘एकलव्य’ या नावाने संगीतसमीक्षा लिहिणारे. १९३३ साली नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणलं, त्याचं संगीत त्यांचं. त्या नाटकात बायकांची कामं बायकांनीच केली, ज्योत्स्नाबाई भोळे त्यांतल्या एक. आणि गाणं आखूड झालं. रात्रभर चालणाऱ्या, तानांनी फुगलेल्या पदाऐवजी, बोलता बोलता ओठांवर यावं तसं थोडक्यात आटोपणारं गाणं आलं. त्या गाण्यात प्रसंग पुढे सरकत होता, गायकासाठी थांबून राहत नव्हता.

वसंतरावांबद्दल मी काय सांगावं? १९३५ सालच्या ‘कालिया मर्दन’ चित्रपटातला छोटा कृष्ण, पुढे मिलिटरी अकाउंट्समधला कारकून, दीनानाथांच्या गाण्याने झपाटलेला, आणि १९६७ पासून ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाचा खाँसाहेब. त्यांच्या गळ्यात लय अशी खेळायची की तबलजीने सावध बसावं. कथकवालीला लागतो तोच गुण! लयीशी खेळायचं, पण शब्द सांडू द्यायचा नाही. रोहिणीताईंचा अभिनय ज्यांनी पाहिला, त्यांना तो आठवेल: एका ओळीत त्या किती जागा शोधत, आणि शोधून झाल्या की कशा सहज निघून जात. हे गाणाऱ्याचं शहाणपण आहे.

नाट्यपद आणि नृत्य यांचं नातं मला पहिल्यांदा लक्षात आलं ते बालगंधर्वांमुळे. मी त्यांना पाहिलेलं नाही, तेवढं माझं वय नाही. पण मास्तरांनी ऐकलं होतं, आणि त्यांच्याकडून वन्समोअरचं शास्त्र मला समजलं. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा बसत, सारंगीला कादरबक्ष. असे साथीदार असताना एकदा म्हटलेलं पद तसंच पुन्हा म्हणणं शक्यच नव्हतं. प्रेक्षक वन्समोअर देत, बालगंधर्व तीच ओळ पुन्हा घेत, आणि दर वेळी तिचा रंग बदलत. एकदा रुसवा, एकदा आर्जव, एकदा नुसता लाडिकपणा. अहो, हा तर आमचा बैठकीचा भाव! ठुमरीची एक ओळ घेऊन कथकवाली बसते आणि तिचे दहा अर्थ हातांनी, डोळ्यांनी सांगते, तेच. नाटकाला त्यामुळे पहाट व्हायची आणि कथानकाचे हाल व्हायचे ही गोष्ट वेगळी. नाटककाराच्या बाजूने पाहिलं तर तो अत्याचार होता. नर्तकीच्या बाजूने पाहिलं तर शाळा होती. मी दोन्ही बाजूंना आहे, आणि त्यात मला विसंगती वाटत नाही.

आता लोणावळ्याकडे येऊ. पंडित जितेंद्र अभिषेकी काही काळ इथे, आपल्या गावात राहत होते आणि शिष्यांना घरी ठेवून गुरुकुलपद्धतीने शिकवत होते, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. लोणावळा म्हणजे चिक्की, भुशी धरण आणि शनिवार-रविवारची गर्दी, एवढंच त्यांना माहीत. बुवा गोव्यातल्या मंगेशीचे. वडील कीर्तनकार, घराण्याकडे मंगेशाच्या अभिषेकाचा मान. पुढे मुंबईत आकाशवाणीच्या कोकणी विभागात नोकरी, जगन्नाथबुवा पुरोहित आणि अझमत हुसेन खाँ यांच्यासारख्यांकडे तालीम. देवळातलं कीर्तन, कोकणी लोकगीतं आणि आग्रा घराण्याची बंदिश, हे सगळं त्यांच्या डोक्यात एकाच वेळी जागं असायचं.

१ मे १९६४ ला धि गोवा हिंदू असोसिएशनने वसंत कानेटकरांचं ‘मत्स्यगंधा’ रंगमंचावर आणलं, मास्टर दत्तारामांच्या दिग्दर्शनाखाली. बुवांनी संगीत दिलेलं ते पहिलं नाटक. रामदास कामत पराशर आणि आशालता मत्स्यगंधा. मग ‘ययाति आणि देवयानी’, ‘लेकुरे उदंड जाली’, ‘कट्यार काळजात घुसली’. चार-पाच वर्षांत एका माणसाने संगीत नाटकाला पुन्हा श्वास घ्यायला लावला. लोक म्हणतात बुवांनी नव्या चाली दिल्या. चाली सुंदर होत्याच. पण माझ्या मते त्यांचं मोठं काम म्हणजे त्यांनी पदाला प्रसंगाचं माप दिलं. पात्राच्या मनात जेवढं आहे, तेवढंच गाणं. रागाचं प्रदर्शन करायला पात्राने थांबायचं नाही. केशवराव भोळ्यांनी १९३३ साली जे आखूड केलं होतं, ते बुवांनी तीस वर्षांनी रागदारीचा कस ठेवून आखूड केलं. हे जास्त अवघड आहे.

मी बुवांबरोबर काम केलेलं नाही, हे स्पष्ट सांगते. आजकाल दिवंगत कलावंतांबरोबर काम केलेल्यांची संख्या दरवर्षी वाढतेय, त्यात मला भर घालायची नाही. मी त्यांच्या पदांबरोबर काम केलं, मास्तरांच्या पेटीसमोर, पावसाळ्यातल्या बंद खोलीत. त्यातलं एक काम जरा विस्ताराने सांगते.

‘कट्यार’मध्ये एक पद आहे, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं. भुंगा मधाच्या लोभाने कमळात शिरतो, कमळ मिटतं, भुंगा आत कोंडला जातो, आणि तरीही मध सोडत नाही. कल्पना जुनी आहे, संस्कृत सुभाषितांत भेटते तशी. पण नाटकात हे पद दोन चालींत येतं. एक शांत, सालगवराळीत. ती पंडित भानुशंकरांच्या घराण्याची. दुसरी द्रुत, धानीत. ती खाँसाहेब आफताब हुसेनांची. शब्द तेच, राग वेगळा, लय वेगळी, माणूस वेगळा. विश्रामपूरच्या दरबारात या दोन घराण्यांचं वैर आहे, आणि राजगायकाला जी मानाची कट्यार मिळते, तिच्यासोबत एका खुनाची माफीही मिळते. म्हणजे नुसतं गाणं कुणाचं चांगलं, एवढ्यावर भांडण थांबत नाही. २४ डिसेंबर १९६७ ला पहिला प्रयोग झाला तेव्हा खाँसाहेब वसंतराव होते, पंडितजी भार्गवराम आचरेकर, सदाशिव प्रसाद सावकार आणि झरीना फैयाज.

हे पद दोन्ही चालींत बसवायचं मी ठरवलं. भुंगा दाखवायला आमच्याकडे ‘भ्रमर’ नावाचा हस्तच आहे. ‘अभिनयदर्पणा’त दिलाय. मधलं बोट आणि अंगठा जुळलेले, तर्जनी वाकवलेली, उरलेली दोन बोटं ताठ. कमळ उमलतं ते ‘अलपद्म’, पाचही बोटं फिरत फिरत पसरलेली. मिटतं ते ‘मुकुल’, पाचही टोकं एकत्र. म्हणजे एका हाताने कमळ, दुसऱ्या हाताने भुंगा. सगळं तयार, डब्यातून काढून मांडायचं. मी मास्तरांना म्हटलं, सालगवराळीतली चाल घ्या. त्यांनी पहिली ओळ वाजवली आणि माझं कमळ लगेच फुललं.

मास्तरांनी भाता थांबवला. त्यांनी विचारलं, हे कोण गातंय? मी म्हटलं, नर्तकी. नर्तकी कशाला गाईल, नाटकात नर्तकी नाहीये, असं ते म्हणाले. मग त्यांनी मला जमिनीवर बसवलं आणि नाटकाचा तो भाग मोठ्याने वाचायला लावला. संवादासकट. मी कंटाळले होते, पाऊस कोसळत होता, खोक्यात तबला शेकत होता. वाचून झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, आता सांग, भुंगा कोण?

तेव्हा मला दिसलं. पंडितजींच्या घराण्याच्या चालीत भुंगा स्वतःला भुंगा समजतच नाही. तो मधात आहे, त्याला कमळ मिटतंय याची खबर नाही. त्यामुळे कमळ मिटताना माझ्या दुसऱ्या हाताने, भुंग्याच्या हाताने, काहीही करायचं नाही. तो तसाच राहणार. प्रेक्षकाला धास्ती वाटेल, भुंग्याला नाही. आणि खाँसाहेबांच्या द्रुत चालीत भुंग्याला सगळं कळतंय. तो मुद्दाम शिरतोय. कमळ मिटत असताना तो आणखी आत जातोय, आव्हान देऊन. इथे हात नुसता स्थिर ठेवून चालत नाही, कंबर, मान, पाय सगळे त्या धाडसात येतात. धानीच्या पाच सुरांत जो उडता खेळ आहे, त्याला चक्रदार तुकडा जोडला तर खपून जातं. सालगवराळीत तोच तुकडा लावला तर फजिती.

हे सगळं पुस्तकात लिहिलेलं नाही. ‘अभिनयदर्पणा’त भ्रमर हस्त कसा करायचा ते आहे. हा भ्रमर पंडितजींचा आहे की खाँसाहेबांचा, ते नाही. रोहिणीताईंनी ‘अभिनयदर्पणा’चं कथकच्या अंगाने संपादन केलं, ‘कथक दर्पण दीपिका’ हा त्यांचा ग्रंथ. हस्त हा अक्षरासारखा असतो असं मी मुलींना सांगते, पण पत्र लिहायचं कुणाला हे ठरल्याशिवाय अक्षर गिरवून काय करायचं? मास्तरांचा आग्रह एवढाच होता: आधी प्रसंग, मग हात. त्यांच्या काळातल्या नाटकवाल्यांना हे उपजत होतं. पात्राला आता गायची गरज का पडली, हे माहीत असल्याशिवाय पायपेटीवाला सूर द्यायचा नाही.

आम्ही ते पद बसवलं. नंतर ‘मत्स्यगंधा’तली काही पदं घेतली, ‘ययाति आणि देवयानी’तली घेतली. ‘मत्स्यगंधा’ बसवताना मास्तरांशी माझं भांडण झालं. मला नाव वल्हवायची होती. पराशर आणि मत्स्यगंधा नावेत आहेत, वल्हं हवंच! मास्तर म्हणाले, नटीने रंगमंचावर कधी वल्हं मारलं नाही, तू का मारतेस? मी म्हटलं, नटीला गायचं होतं, माझे हात मोकळे आहेत. या एका भांडणात मी जिंकले. पुढे त्यांनीच त्या जागी पेटीवर एक हेलकावा दिला, वल्हं पाण्यात जावं तसा. त्याचं श्रेय ते शेवटपर्यंत मला देत नव्हते.

इथे एक विषयांतर करते. संगीत रंगभूमीवर नाच परत आलाच नाही, असं नाही. पुण्यात भरत नाट्य मंदिरात १६ डिसेंबर १९७२ ला ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. विजय तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, आणि नृत्यदिग्दर्शन कृष्णदेव मुळगुंद यांचं. तो बारा-चौदा पुरुषांचा मानवी पडदा, एका ठेक्यावर झुलणारा, कधी ब्राह्मणांची रांग, कधी भिंत, कधी गर्दी. नाना फडणवीसांचं ठुमकणंसुद्धा नाचच. पुढे थिएटर अकादमीने ते जगभर नेलं. मुळगुंदांनी काय केलं, तर नाच इतका नाटकात मुरवला की तो वेगळा काढता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिलाय. ‘घाशीराम’चा एक तुकडा घेऊन रंगमंचावर एकटीने उभं राहा, हास्यास्पद दिसतं. बुवांच्या पदांचं नेमकं उलट आहे. त्यांच्या नाटकांत नाच नाही, पण पद उचललं की ते नाचाला तयार असतं, कारण त्याचा प्रसंग त्याच्या पोटातच असतो. दोन्ही गोष्टी मोठ्या आहेत. पण एकट्या नर्तकीच्या उपयोगाची दुसरी.

नाचणारी आणि वाजवणारी यांच्या नात्याचा विचार करायला आपल्याला मावळाबाहेर जावं लागत नाही. मळवलीला उतरा आणि भाजे लेणी चढा. इसवीसनाच्या आधी दुसऱ्या शतकातली ही लेणी. शेवटच्या विहाराच्या ओसरीत हत्तीवर बसलेल्या राजपुरुषाचं प्रसिद्ध शिल्प आहे. लेण्यात कोरलेल्या आकृतींत एक बाई वाद्य वाजवतेय आणि दुसरी नाचतेय. वाद्याची जोडी पाहून त्यात तबल्याचा पूर्वज शोधणारेही आहेत. मी मुलींना तिथे नेते ते तबल्याचं वय मोजायला नव्हे. दोघी किती जवळ आहेत ते पाहा, असं सांगते. मधे माइक नाही, स्पीकर नाही, ढोलाचा आवाज तिच्या पोटरीत घुसत असणार. इतकी माणसं भाज्याचे धबधबे बघायला येतात, त्यांतल्या फार थोड्यांना हे शिल्प दिसतं. पलीकडच्या डोंगरावर कार्ल्याला एकवीरेच्या जत्रेत वाजंत्रीपुढे बायका नाचतात, त्यांनाही कुणी लेहरा मोजून देत नाही. वाजवणारा बघतो आणि हात बदलतो.

हे सांगायचं कारण आजची परिस्थिती. माझ्याच वर्गातल्या मुली आता स्पर्धेला जातात तेव्हा मोबाइलवर पद लावून नाचतात. यंत्रावरचं पद थांबत नाही. तुमचं कमळ अर्धं मिटलं असेल तरी ओळ पुढे निघून जाते. त्यात मुलींचा दोष नाही, साथीदारांचं मानधन परवडत नाही आणि स्पर्धांचे नियमही तसेच असतात: चार मिनिटं, घंटा वाजली की संपलं. पण मग होतं काय, तर मुली हात पाठ करतात आणि प्रसंग विसरतात. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ‘कट्यार’च्या पदावर नाच बघितला मी परवा. पाठीमागे पडद्यावर २०१५ सालच्या चित्रपटातली दृश्यं, पुढे आठ मुलींची आठ कमळं, सगळी एका वेळी उमलणारी. भुंगा एकीच्याही हातात नव्हता.

मी तक्रार करायला उभी नाही. चित्रपटामुळे निदान पद मुलींपर्यंत पोहोचलं. राहुल देशपांड्यांनी आजोबांची खाँसाहेबांची भूमिका रंगभूमीवर पुन्हा केली, त्यानेही पोहोचलं. मास्तर असते तर त्यांनी त्या आठ मुलींना रांगेत बसवून नाटक वाचायला लावलं असतं, आणि पालकांनी तक्रार केली असती. मी बसवते. पालक तक्रार करतात.

मास्तरांच्या स्वरलिपीच्या वह्या माझ्याकडे आहेत. जुन्या हिशेबाच्या लाल वह्या, मधूनच किराण्याची यादी आणि शेजारी एखाद्या पदाची चाल. काही पदांच्या कडेला त्यांनी पात्राचं नाव आणि अंक लिहिलाय, काही ठिकाणी ‘इथे थांब’ एवढंच. ओलाव्याने पानं चिकटायला लागली आहेत. ज्या शिक्षकांना हव्या असतील, त्यांनी मला सांगावं, झेरॉक्स करून देईन. मूळ वह्या देणार नाही, त्याबद्दल कुणी रागावू नये.

आता बोलणं पुरे. माझ्या दोन विद्यार्थिनी तेच पद दोन्ही चालींत करून दाखवणार आहेत. पेटीवर आमच्याच शाळेतला एक मुलगा आहे, मास्तरांचा शेवटच्या काळातला विद्यार्थी, आणि यंत्र लावलेलं नाही. आधी धानीतलं घेऊ. शांत चाल आधी घेतली तर द्रुत चालीला लोक टाळ्या वाजवतात आणि पहिली विसरून घरी जातात, हा माझा अनुभव आहे. टाळ्या आधी वाजवून घ्या. सालगवराळीच्या वेळी नुसतं भुंग्याच्या हाताकडे बघा. तबला शेकून झालाय का रे? मग ये घेऊन.